जोडीतली एक काडी

"एक नग छत्री द्या."

दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या पेइशानने मान वर केली. एवढा उंचापुरा, देखणा मुलगा... आणि छत्री नगाने मागतो! चीनमधल्या या छ्वानचौ शहरात शेंबडं पोरसुद्धा असं बोलत नाही. दांड्याच्या वस्तू मुठीने मोजायच्या, चपट्या पानाने, मासे लांबीने. ज्याला त्याला मोजायचा आपला शब्द.

"एक मूठ छत्री म्हणा," ती हसू दाबत म्हणाली.

"ऑस्ट्रेलियात वाढलोय हो," तो ओशाळला. "मी तिंगवेई. आत्याकडे आलोय, थोडे दिवस."

दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. एक नग झाडू. मग एक नग टॉवेल. मग आणखी एक झाडू! आत्याच्या घरात माणसं कमी अन् झाडूच जास्त व्हायला लागले. पेइशान रोज चूक काढायची, तो रोज कान पकडायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा तो म्हणाला, "एक नग चॉपस्टिक दे."

तिने जोडी सोडवली आणि एकच काडी त्याच्या हातावर ठेवली. "नग मागितलास, नग दिला. जेव आता!"

तो हसत हसत निघून गेला. दुसरी काडी तिने गल्ल्यात जपून ठेवली... मागायला येईल म्हणून. तो रोज यायचा, पण काडीचं नावही काढायचा नाही. तिला उगीचच रुखरुख लागली. येत्या रविवारी तर तो परत जाणार होता.

शुक्रवारी ती मासळीबाजारात गेली. चुआंगकाकांच्या गाळ्यापुढे तिंगवेई पाठमोरा उभा होता. "काका, दोन लांबी मासे द्या. आणि कापायला एक मूठ सुरी जरा धारेची घ्या की!"

एक शब्द चुकला नाही! पेइशानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इतके दिवस माझी टिंगल करत होतास?"

तो दचकून वळला. "टिंगल नाही गं... पहिल्याच आठवड्यात शिकलो सगळं. पण बरोबर बोललो असतो, तर तू झाडू दिला असतास आणि मी गेलो असतो. तू थांबवावंस म्हणून चुकत होतो."

"मग आता जा की रविवारी!" ती म्हणाली, पण स्वतः मात्र जागची हलली नाही.

त्याने खिशातून ती काडी काढली. "हिला एकटीला घेऊन कुठे जाऊ? इथल्या शाळेत नोकरी मिळतेय, पेइशान. तू राहा म्हणालीस तर हो म्हणतो. मला तू आवडतेस."

चुआंगकाकांची सुरी हवेतच थांबली. पेइशानला वाटलं, सगळा बाजार आपल्याकडेच बघतोय. बघू दे!

"मासे किती घेतलेस?"

"दोन... लांबी."

"तीन घे. आज आमच्याकडे आई एक ताट जास्त मांडेल." तिने मान खाली घातली. "ती काडी विसरू नकोस. दुसरी मी ठेवलीय."