बेचाळिसावी फाइल

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

या पेजवर मी तीन वर्षं नुसता वाचक आहे. लोकांच्या भुताखेतांच्या अनुभवांखाली दात काढणारे इमोजी टाकणाऱ्यांपैकी मीही एक. आज माझी पाळी आली आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा.

रविवार होता. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं.

हो, दुपारचे. खिडकी सताड उघडी, टेबलावर ऊन आलेलं, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी ड्रिलने भिंतीला भोकं पाडत होतं. डोक्यावर माझा जुना पंखा टक टक करत फिरत होता. घाबरावं असं काही म्हणजे काही नव्हतं.

समोर भाऊजींचा फोन होता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. त्यांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. जुने फोन उघडायचे, रूट करायचे, म्हणजे कंपनीने आत घातलेली बंधनं काढायची, कंपनीची सिस्टिम काढून हौशी लोकांनी बनवलेली नवी सिस्टिम टाकायची, हा माझा नाद. कस्टम रॉम म्हणतात त्याला. हा नाद मला भाऊजींनीच लावला. सहा वर्षांपूर्वी हाच फोन आम्ही दोघांनी मिळून रूट केला होता, याच टेबलावर.

भाऊजींची एक सवय होती. ती लिफ्टच्या कामातली. त्या कामात एक माणूस वर शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत असतो, एक खाली बटणापाशी. खालच्याने विचारल्याशिवाय आणि वरच्याने उत्तर दिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कितीही घाई असो.

"बाजूला झालास?"

"झालो."

"दाबू?"

"दाब."

वरच्याने खोटं उत्तर दिलं तर काय होतं, ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर ते कधी बोलले नाहीत.

तीच सवय त्यांनी फोनच्या कामातही लावली. मी बटणापाशी, ते खुर्चीमागे उभे. "बॅकअप घेतलास, उस्ताद?" मी म्हणायचो, "घेतला." मग ते म्हणायचे, "मग दाब." एवढं झाल्याशिवाय मला हात लावू द्यायचे नाहीत. मी वैतागायचो. ते हसायचे.

मग त्यांच्या घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. तीन आठवडे हातात होते. त्या तीन आठवड्यांत भाऊजींनी ताईसाठी फोनमध्ये स्वतःचा आवाज भरून ठेवला.

एकेचाळीस फाइली.

"अगं, पाण्याचा मेन कॉक डावीकडे फिरव, उजवीकडे नाही." "उठ, साडेसहा वाजले." "कपाटाची छोटी चावी शिवणाच्या डब्यात आहे, उगाच घर उलथंपालथं करू नकोस." एकीत ते नुसतेच हसतायत. एकीत फक्त ताईला हाक मारली आहे. एकदाच.

ऑपरेशननंतर ते आठ महिने जगले, वहीत लिहून बोलत. मग वहीही थांबली.

ताई त्या फाइली रोज ऐकायची. पण फोन थकला होता. आवाज मध्येच अडकायचा, स्क्रीन गोठायची. म्हणून त्या रविवारी सकाळी ती फोन घेऊन माझ्याकडे आली.

"फोनचं काय वाटेल ते कर," ती म्हणाली. "ह्यांचा आवाज तेवढा जप."

"अगं, दोन तासांचं काम आहे," मी म्हणालो.

मी आधी फाइली कॉम्प्युटरवर घ्यायला गेलो, हे खरं आहे. पण केबल सैल होती. जरा धक्का लागला की कनेक्शन तुटायचं. चांगली केबल लॅबच्या ड्रॉवरमध्ये, म्हणजे सोमवारी मिळणार.

सोमवारपर्यंत थांबायला काय हरकत होती?

सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

आमचा एक ग्रुप आहे, जुन्या फोनवाल्यांचा. या मॉडेलवर सिस्टिमचं सगळ्यात नवं व्हर्जन अजून कोणी चालवलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी एकाने लिहिलं, "आज संध्याकाळपर्यंत मी टाकतोच." मला त्याच्या आधी टाकायचं होतं. स्क्रीनशॉट टाकून शेखी मिरवायची होती. ग्रुपमध्ये अकरा लोक आहेत. त्यातल्या चौघांनी मला ब्लॉक केलेलं आहे.

बस, एवढ्यासाठी.

मी मनाची समजूत घातली. साधं पुसलं तर फक्त सिस्टिम जाते, फोटो, आवाज वगैरे राहतात. हे खरंच आहे. तसं पुसून मी नवी सिस्टिम टाकली. फोन सुरू झाला आणि कंपनीच्या चिन्हावर अडकला. बंद होऊन पुन्हा सुरू, पुन्हा तिथेच. अर्धा तास तेच.

ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, "फॉरमॅट डेटा कर, त्याशिवाय उठणार नाही."

फॉरमॅट डेटा म्हणजे सगळंच जातं. त्या पर्यायावर इशारा येतो, आणि नुसतं बटण दाबून भागत नाही. 'येस' असा शब्द स्वतः टाइप करावा लागतो, माणसाने नीट विचार करावा म्हणून.

मी वाय टाइप केलं. ई टाइप केलं.

आणि...

ड्रिल थांबलं.

त्यात काय, काम संपलं असेल. पण पंख्याची टकटकही थांबली होती. मी वर पाहिलं. पंखा फिरत होता, नेहमीच्याच वेगाने, नुसता आवाज नव्हता.

मागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं. खुर्चीची पाठ किंचित मागे दबली... कोणी तिच्यावर हात टेकावा तशी.

काही विचारलं गेलं असं मला ऐकू आलं नाही. शप्पथ सांगतो, नाही आलं. पण इतक्या वर्षांची सवय. मी मागे न बघता, वैतागून बोलून गेलो,

"घेतला, घेतला."

एस टाइप केलं. दाबलं.

चार सेकंदांत सगळं गेलं. ड्रिल पुन्हा सुरू झालं. वर पंखा टक टक करू लागला.

साडेतीनला नवी सिस्टिम झकास चालू झाली. मी स्क्रीनशॉट टाकला. दोन अंगठे आले. मग फोनचं स्टोरेज उघडून पाहिलं. शून्य फाइली.

मी काय काय केलं नाही! गेलेला डेटा परत आणणारे सहा प्रोग्रॅम चालवले. काही म्हणजे काही निघालं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "झालं का रे? बॅकअप घेतलास ना?"

"घेतला," मी म्हणालो. एका दिवसात दुसऱ्यांदा.

बुधवारी फोन तिच्या हातात दिला तेव्हा थाप मारली, की फाइली लॅबच्या कॉम्प्युटरवर आहेत, सावकाश टाकून देतो. वेळ मारून नेली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला तिच्याकडे बघवेना.

गुरुवारी दुपारी तिचा पुन्हा फोन. ती हसत होती. दहा महिन्यांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं.

"अरे वेड्या, लॅबमध्ये आहेत काय म्हणालास? सगळ्या फोनमध्येच आहेत की! सकाळी ह्यांनीच उठवलं मला. साडेसहाला."

मी लॅबमध्ये उभा होतो. खाली बसलो.

कॉलेज सुटल्यावर तडक तिच्याकडे गेलो. ती चहा टाकायला आत गेली आणि मी फोन हातात घेतला. फाइली होत्या. तीच नावं, त्याच तारखा. पण एकेचाळीस नाही.

बेचाळीस.

शेवटच्या फाइलीची तारीख त्या रविवारची. वेळ, तीन वाजून वीस मिनिटं. लांबी अडतीस सेकंद.

ज्यांना यातलं कळतं त्यांच्यासाठी सांगतो. त्या क्षणी फोनवर चालणारी सिस्टिमच नव्हती. रेकॉर्डर नव्हता. तो पुसण्याच्या स्क्रीनवर होता.

मी कानाला लावून ऐकलं.

आधी पंख्याची टकटक. मग माझा श्वास. मग खुर्चीची करकर... आणि अगदी जवळून, स्वच्छ, ऑपरेशनच्या आधीचा आवाज.

"बॅकअप घेतलास, उस्ताद?"

मग माझा आवाज. "घेतला, घेतला."

मग भाऊजी म्हणाले, एरवी म्हणायचे तसंच, विश्वासाने,

"मग दाब."

मी काय केलं ते ऐका. मी ती फाइल डिलीट केली. भीतीने नाही. ताई ऐकेल म्हणून.

ती कप घेऊन बाहेर आली. "ती शेवटची बघितलीस? मला एकेचाळीस पाठ आहेत, ही नवीच आहे. तारीख भलतीच दाखवतोय, पण आधी फोन अडकायचा, म्हणून दिसली नसेल. तुझ्यामुळे सापडली बघ."

"ऐकलीस?" मी विचारलं.

"नाही. ह्यांचं न ऐकलेलं एवढंच उरलंय. वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी ऐकणार." मग ती कपाटातून भाऊजींचा पेचकसांचा संच घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "हा तू ठेव. तुझ्याच हातात शोभतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. "चहात साखर कमी आहे," म्हणालो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने फोन पाहिला. फाइली बेचाळीसच होत्या.

त्यानंतर मी तिच्याकडे चारदा गेलो. दर वेळी ती फाइल डिलीट केली, दर वेळी ती परत आली. चांगली केबल नेऊन सगळ्या फाइली कॉम्प्युटरवरही घेतल्या. कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइल शून्य सेकंदांची दाखवते. भाऊजींचा आवाज फक्त त्याच फोनवर लागतो.

आणि एक गोष्ट तिसऱ्या खेपेला लक्षात आली. बेचाळिसावी फाइल आता अडतीस सेकंदांची नव्हती.

एकावन्न सेकंद होती.

"मग दाब"नंतर फाइल आता संपत नव्हती. पंख्याची टकटक थांबते... आणि दुसरा आवाज सुरू होतो. थेंब पडण्याचा. ताईच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा आहे तो. माझ्या घरातला नव्हे, तिच्या. त्या थेंबांमध्ये भाऊजी हळूच विचारतात,

"सांगितलंस तिला?"

पुढे काही नाही. नुसते थेंब.

मागच्या खेपेला पाहिलं तेव्हा ती दोन मिनिटं दहा सेकंदांची झाली होती. पूर्ण ऐकली. प्रश्न एकदाच आहे. त्याच्या पुढची रिकामी जागा तेवढी वाढत चालली आहे. तिथे थेंब पडतात, अधूनमधून कोणीतरी श्वास घेतं, आणि माझा आवाज येत नाही.

ताईने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं आहे, की माझ्या भावाने ह्यांचा आवाज वाचवला. लोक मला जुने फोन आणून देतात. मी कोणाच्याच फोनला हात लावत नाही. पेचकसांचा संच कपाटात आहे, तोही उघडलेला नाही.

येत्या रविवारी वर्ष पूर्ण होतंय. तिने मला दुपारी बोलावलंय. म्हणाली, "शेवटची आपण दोघं मिळून ऐकू. तीनच्या सुमारास ये."

आज शुक्रवार आहे. सकाळपासून तीनदा तिचा नंबर लावला. तिने उचलला, की "सहज केला होता" म्हणून ठेवून दिला.

तिसऱ्या वेळी मी ठेवायच्या आधी तिने मला थांबवलं.

"अरे, मागे कोण बोलतंय तुझ्या?" तिने विचारलं.

मी घरात एकटाच होतो.