शेवटचा आकडा

झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांना आमचा दवाखाना मशीन देतो. मास्क लावून झोपायचं. रात्रभरातल्या श्वासांची नोंद मशीन आपोआप आमच्या संगणकावर पाठवतं. रोज सकाळी ती पाहायची आणि गडबड दिसली की रुग्णाला फोन करायचा, हे माझं काम.

रुग्णांपैकी एक होते चित्रकलेचे मास्तर; त्यांना मी कधी फोन केला नाही. झोप सात तास, श्वास तासाला जेमतेम दोनदा अडलेला. त्यांची नोंद पाहून बरं वाटायचं.

मास्तर झोपेतच गेले. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, त्यांची पत्नी मशीन परत करायला आल्या तेव्हा.

“नवंच आहे,” त्या म्हणाल्या. “जीव घुसमटतो म्हणून दोन रात्रींनंतर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. दवाखान्यातून फोन आला की चांगली बोलणी बसतील, म्हणायचे मी. तुमच्या फोनची वाट पाहत होते हो.”

मशीन उलटं करून नंबर पाहिला. शेवटचा आकडा सहा. मास्तरांच्या नावापुढे मी नऊ टाइप केला होता. चार महिने भलत्याच कुणाची झोप मी त्यांची म्हणून वाचत होतो.

मी खरं ते सांगितलं. त्या चष्मा पुसत राहिल्या.

“ज्याची होती, त्याला तरी जपा,” एवढंच म्हणाल्या.

नऊवालं मशीन कुणाला दिल्याची नोंद सापडेना. आज सकाळचे आकडे मात्र आले होते. सात तास दहा मिनिटं.

स्टोअरकीपरने वरच्या फळीवरून त्याच नंबरचा खोका उतरवून आणला. “हे तर आल्यापासून इथंच पडून आहे.” सील शाबूत होतं.

खोका मी मास्तरांच्या पत्नीसमोरच उघडला. वायर गुंडाळलेली. पाण्याचं भांडं कोरडं. मास्कची पिशवी आतून दमट.

मी मास्क काढून रुमालाने पुसला. आत पुन्हा वाफ धरली. पसरली, आकसली, पुन्हा पसरली.

“पुसू नका,” त्या म्हणाल्या. मास्क त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर ठेवला.



मग वाफ यायची थांबली.

“घरीही असंच व्हायचं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी शेजारी पडून मोजायचे. विसाच्या आत पुन्हा श्वास घ्यायचे ते.”

त्या मोजू लागल्या. मीही मनात मोजत होतो.

वीस झाले. एकवीस. बावीस.

त्या मोजतच राहिल्या.