आकाराम मास्तरांचे फर्मे

मंगळवार पेठेतल्या शिवणसामानाच्या दुकानात मी अस्तर घ्यायला गेले होते आणि ब्लाउजचे कागदी फर्मे बघत उभी राहिले होते. शिवणक्लासला लागून मला जेमतेम दीड महिना झाला होता. कापडाला कात्री लावायची भीती वाटायची... फर्मा असला की तो कापडावर ठेवायचा, खडूची रेघ मारायची आणि कापायचं. पण संचाच्या पाकिटावरची किंमत बघून मी तो परत ठेवला.

"ठेवलासा त्ये बरं केलासा," शेजारी रिळाचा रंग जुळवत असलेला तरुण म्हणाला. "मुंढा, म्हंजी बगलंचा घेर, चुकलाय त्यात. हात वर केला की ब्लाउज बी वर."

मला हसू आलं. तो मात्र लाजून पुन्हा रिळांकडे वळला.

त्याचं नाव बाळासो. त्याच गल्लीत आकाराम मास्तरांकडे आठ वर्षं कटिंग करत होता. दुकानदाराकडून त्याने जुना पेपर मागून घेतला आणि तिथंच उभ्याउभ्या मला छत्तीसचा फर्मा कापून दिला. त्यावरून मी आईचा ब्लाउज शिवला. आईने तो घालून दोन्ही हात वर करून दाखवले.

मग दर मंगळवारी मी कागलहून एसटीने यायला लागले. मास्तरांचे फर्मे जाड पुठ्ठ्याचे, दुकानात खिळ्याला टांगलेले होते, तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या अंगावर बसवून बसवून सुधारलेले. जेवणाच्या सुट्टीत बाळासो ते माझ्यासाठी पेपरवर उतरवून, कडेला मापं लिहून आणायचा.

"कुणाला दिऊ नकोस," त्याने पहिल्याच वेळी सांगितलं. "मास्तरांची जन्माची कमाई हाय ती. तू शिकतीयास म्हणून."

एकदा माझ्या स्वतःच्या ब्लाउजसाठी खांद्याचं माप हवं होतं. टेप घेऊन तो जवळ आला. इस्त्रीच्या वाफेचा वास त्याच्या शर्टाला होता. बोटभर अंतरावर तो थांबला.

"टोक तूच धर."

"का? कटिंग करणाऱ्या माणसाला माप घेता येईना?"

"गिऱ्हाइकाचं येतं की."

"मग मी कोण?"

त्याने टेपेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्येच तर कळंना झालंय..."

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली नाही, आणि कागल कधी आलं तेही कळलं नाही.

क्लासमधल्या बायकांनाही परवडणारे फर्मे मिळत नव्हते. मी त्यांच्यातल्या स्नेहलला एक उतरवून दिला. तिने आणखी दोघींना सांगितलं. मग मी बाळासोच्या कागदांचेच फोटो काढून फोनवरच्या शिवणाच्या ग्रुपवर टाकायला लागले, पैसेही घ्यायला लागले. अनोळखी बायका मला मॅडम म्हणायच्या. ते मला आवडायचं. बाळासोला सांगायचं राहून गेलं असं नाही. मी सांगितलंच नाही.

एक दिवस कुठल्याशा गिऱ्हाइकाने तो फोटो आकाराम मास्तरांनाच दाखवला. फर्मा त्यांचा होता आणि कडेचं अक्षर बाळासोचं.

मला हे त्याच्या फोनवरून कळलं. काम सुटलं होतं आणि तो बसस्थानकावर होता. मी पोचले तेव्हा बेंगळुरूची गाडी लागलेली होती. तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात त्याला काम मिळालं होतं, दिवसभर नुसत्या कॉलरी शिवायचं.

"माझं नाव का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगून काय? पुठ्ठं मीच काढलं हुतं की खिळ्यावरनं, मास्तरांना न इचारता."

"आपलं दुकान काढायला उपयोगी पडतील पैसे, म्हणून मी—"

"खोटं बोलू नगं, वर्षा." त्याचा आवाज चढलाही नाही. "इकाय मागितलं असतंस, तर मास्तरांच्या पाया पडून होकार आणला असता. तू मागितलंच न्हाईस."

"माझं तुमच्यावर..."

"माझं बी हाय," तो म्हणाला. "त्येचाच तर राग येतोय." आणि तो गाडीत चढला.

मी तिथून तशीच आकाराम मास्तरांकडे गेले. चोरी माझी आहे, बाळासोला परत बोलवा, असं सगळं एका दमात सांगितलं. मास्तर कापड कापत होते. कात्री थांबली.

"कागलची का तू? बाळासो सांगायचा ती वर्षा?"

मी मान हलवली.

"चारचौघांत चोर म्हटलं मी त्येला. आता बोलावलं तरी यायचा न्हाई त्यो." त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "बाप न्हाई त्येला. या रविवारी मीच येणार हुतो त्येच्या संगं, तुज्या घरला. तुला मागणी घालाय."

बाहेर कुणीतरी ब्लाउज झाला का म्हणून विचारत होतं. मी तिथंच उभी राहिले... जायचं कुठं, ते कळत नव्हतं.