मेलेल्याचा वाढता आकडा

मोबाईल खाली ठेव रे लांबनाक्या. आणि तू गं, दाराजवळची, हसून घे आत्ताच. नंतर पाणी प्यायला एकटी उठतेस का, बघतो मी.

हे माझ्या धाकट्या साडूचं. खोटं असेल तर माझे उरलेले चार दात पडोत.

साडू त्या रात्री साध्या कामाला निघाला होता. एकतीस तारीख, गुरुवार. ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला, "रात्रपाळीला जाताय, तर त्यांचं खातं तेवढं बंद करून टाका." त्यांचं म्हणजे घुबडाचं, ऑफिसच्या मशीनवरचं. घुबड हा साडूच्या शेजारच्या खुर्चीवरचा. पापणी न हलवता पडद्याकडे बघायचा, म्हणून हे नाव. त्याच महिन्याच्या दहा तारखेला झोपेतच गेला.

त्यांचं काम मला कळलं तेवढं सांगतो. तुम्ही मोबाईलवर चपला मागवता ना? ती ऑर्डर आधी दुकानाच्या मशीनमध्ये जाते, मग बँकेच्या, मग गोदामाच्या, मग ट्रकवाल्याच्या. मध्ये कुठं अडकली की यांच्या पडद्यावर लाल दिवा. जो सर्वांत आधी बटण दाबेल त्याचं नाव दिव्यासमोर चढतं. मग त्यानं ती सोडवायची.

"आजोबा, यात भूत कुठंय?"

"तुझ्या मागं. बस गप."

साडू घुबडावर जळायचा. असातसा नाही, डबा खाताना घास अडकायचा त्याचा. दहा वर्षं घुबडच पहिला. मॅडम वर म्हणायच्या, "त्यांच्याकडून शिका जरा." घुबड गेला तेव्हा साडू रडला, पण एकाच डोळ्यानं. कारण शिफ्टच्या प्रमुखाची जागा रिकामी होती, आणि महिन्याची शेवटची रात्रपाळी संपेपर्यंत ज्यानं सर्वांत जास्त ऑर्डरी सोडवल्या, ती त्याची. साडूचा आकडा होता दोनशे अकरा. बाकीचे कुठल्या कुठं मागं.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानं घुबडाचं खातं उघडलं.

दोनशे बारा.

अरे, माणूस गेला तेव्हा आकडा नव्वद होता! साडूनं स्वतः बघून ठेवला होता. मेलेल्याचा आकडा लक्षात ठेवणारा माणूस, म्हणजे बघा किती आग असेल.

कुणीतरी पासवर्ड वापरतंय, त्याला वाटलं. तेवढ्यात लाल दिवा लागला. साडूनं झडप घातली. घुबडाचं नाव आधीच चढलेलं. दोनशे तेरा.

शहाणा माणूस खातं बंद करून घरी आला असता. हा शर्यतीला बसला! "मेलास ना रे? मग मेल्यासारखा रहा की," असं मोठ्यानं म्हणाला. त्यानंच मला सांगितलं.

मग केली लबाडी. वाट मोकळी आहे का बघायला ही मंडळी दर पाच मिनिटांनी एक खोटी ऑर्डर सोडतात. खोटं गिऱ्हाईक, खोटा पत्ता. साडूनं ठरवलं, ती आपणच अडवायची, आपणच सोडवायची. एक बोट अडवायला, दुसरं बटणावर तयार. तीनदा केलं. तिन्ही वेळा घुबड आधी. दोनशे सोळा.

साडू इरेला पेटला. चौथ्यांदा घाईत चुकून वरची ओळ अडवली. ती खरी होती. एका दवाखान्याची... श्वासाची औषधं, तातडीची.

लाल दिवा.

या वेळी घुबडाचं नाव चढलं नाही.

साडूनं लगेच दाबायला हवं होतं की नको? नाही दाबलं. त्याला बघायचं होतं... घुबड चुकतो का.

एक मिनिट. दोन. चार.

शेजारची खुर्ची करकरली.

साडूनं मान वळवली नाही.

दिवा हिरवा झाला. औषधं निघाली. नाव... घुबडाचंच.

आणि खाली एक नवी ओळ आली. लाल. ऑर्डरचा नंबर नव्हता तिथं. साडूचा होता. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा.

समोर घुबडाचं नाव चढलं.

...

नोकरी त्यानं पहाटेच सोडली. जागा तिसऱ्याच कुणाला मिळाली. सात वर्षं झाली. हळू बोला, पलीकडच्या खोलीत झोपलाय तो. मॅडमनी मोठमोठे जाणकार आणले, खातं बंद केलं, मशीनं बदलली. ती ओळ जात नाही.

तिच्यापुढं लिहिलंय... काम चालू आहे.