बाईंच्या वहीतले दोन ठिपके

“आज पाच वाजता माझ्या सासूबाई घर सोडून वृद्धाश्रमात चालल्यात, आणि सगळं वहीतून कापलेल्या एका पानावरून,” असं म्हणत आलेल्या सूनबाईंनी खुर्ची ओढली. घड्याळात पावणेदोन झाले होते.

समोरच्या खाजगी शोधकाचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वापरत नसे. धूळ, डाग, सुटलेला टाका, जे जे बारीक ते ते त्यांना दिसे, म्हणून सगळे त्यांना बारीकराव म्हणत. या नावाचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

शेजारच्या टेबलाशी त्यांचा मदतनीस भाऊ बसला होता. पन्नाशीचा, एकटा, अकरा वर्षं बारीकरावांची टिपणं लिहीत आलेला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. दिवसा एक नर्स तिच्याजवळ बसे आणि चारला निघून जाई, म्हणून भाऊ रोज दुपारी पावणेचारला काम सोडून उठे. त्याच्या या उठण्यावर बारीकराव घड्याळ लावत.

“कोण तुमच्या सासूबाई?” बारीकरावांनी विचारलं.

“शाळेत शिकवायच्या त्या, अजून सगळे बाईच म्हणतात. आता प्रश्नकुंडल्या मांडतात. कोपऱ्यावरचं घर, पिंपळासमोर.”

“घरातली भांडणं आपण घेत नाही,” भाऊ एकदम म्हणाला. “तुम्हीच म्हणता ना, सासू-सुनेच्या भानगडीत पडलं की फी पण जाते आणि डोकंही.”

“आज घेतो,” बारीकराव म्हणाले. “पान कापणारा माणूस मला आवडतो. काहीतरी मागे ठेवतो तो.”

वाटेत सूनबाईंनी सगळं सांगितलं. लोकांना तोंडाने विचारायची लाज वाटते, म्हणून बाईंनी व्हरांड्यात एक पेटी ठेवली होती. चिठ्ठी टाकायची, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. घंटा वाजली त्या क्षणाची कुंडली बाई मांडत, चिठ्ठी त्याच पानाला टाचत आणि उत्तर पाकिटात घालून बाहेरच्या फळीवर ठेवत. विचारणारा कोण, हे त्यांना कळत नसे. काय विचारलं, हे त्या कुणालाही सांगत नसत.

“मागच्या शुक्रवारच्या कुंडलीचं पान चिठ्ठीसकट गेलंय. मंगळवारी सकाळी होतं, बुधवारी सकाळी नव्हतं. तेव्हापासून त्या आमच्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, घरातल्याच माणसाने नेलं.”

भाऊ मागून चालत होता.

बाई खोलीत ताठ बसल्या होत्या. पायाशी भरलेली पिशवी होती. खिडकीला लागून टेबल, टेबलावर मोठं जाडजूड रजिस्टर. खिडकीला गज, पण कडी मोडलेली, त्यामुळे पल्ले कायम उघडे. पलीकडे व्हरांडा आणि ती पेटी.

“प्रश्न काय होता ते सांगणार नाही,” बाईंनी आल्याआल्याच बजावलं. “वेळही सांगणार नाही.”

“नका सांगू. मला तुमचं शास्त्र तरी शिकवा. मी त्यात अगदीच ढ आहे.”

शिकवायला सांगितलं की बाईंना राहवत नसे. त्यांनी कागदावर चौकट काढली, तिच्यात रेघा मारून बारा घरं पाडली.

“हे वरचं मधलं पहिलं घर. म्हणजे स्वतः, आपला देह. इथून डावीकडे मोजत जायचं. तिसरं भावंडं. चौथं आई आणि राहतं घर. सातवं जोडीदार. आठवं मृत्यू. अकरावं लाभ.”

“इथे चार आकडा आहे, म्हणजे हे चौथं,” भाऊने वहीतल्या एका जुन्या कुंडलीवर बोट ठेवलं.

“पहिल्या तासाला सगळे हेच चुकतात. तो आकडा राशीचा. घर जागेवरून ओळखायचं, आकड्यावरून नाही.”

“आणि दुसऱ्या कुणाबद्दल विचारलं तर?” बारीकरावांनी विचारलं.

“तर त्या माणसाच्या घराला एक धरायचं आणि पुढे मोजायचं. भावाच्या बायकोबद्दल विचारलं, तर तिसऱ्याला एक धरून सातवं. म्हणजे मूळचं नववं. ज्या घरांवरून उत्तर काढलं त्यांच्यावर मी लाल ठिपका देते.”

“आणि सूर्य?”

“तो तर घड्याळच. उगवताना पहिल्या घरात, माध्यान्हीला दहाव्यात, मावळताना सातव्यात. उलटा सरकतो.” एवढं बोलल्यावर आपण जास्त बोललो हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी ओठ मिटले.

बारीकरावांनी रजिस्टर उघडलं. शुक्रवारच्या जागी पानाचा अरुंद काठ उरला होता. खिडकीकडून काप सरळ आला होता, धारदार. पुढे तो तिरका झाला होता, आणि पलीकडची शेवटची दोन बोटं पान कापलेलं नसून फाटलेलं होतं. शुक्रवारनंतर काही मांडलेलं नव्हतं, त्याखालचं पान कोरं होतं.

“भाऊ, पेन्सिल दे. टोक जरा लांब काढ.”

भाऊने खिशातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं आणि पेन्सिल तासली. ती तो अकरा वर्षं अशीच तासत आला होता. बारीकरावांनी पेन्सिल आडवी धरून कोऱ्या पानावर हलकेच फिरवली. बाई बॉलपेन चांगलंच दाबून चालवत. काळ्या छटेत पांढरी कुंडली वर आली: बारा घरं, नवव्यात ‘र’, म्हणजे रवी, आणि दोन खोल ठिपके. एक चौथ्या घरात, एक अकराव्यात.

बारीकराव बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग बाहेर व्हरांड्यात गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या बाहीला गजांचा गंज लागला होता.

त्यांनी आधी सूनबाईंना विचारलं, “शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास कुठे होता?”

“कामावर. पाचला सुटते मी.”

मग बाईंच्या मुलाला बोलावलं. तो आज रजा टाकून घरी होता, आणि दोन दिवस दाढी केलेली नव्हती.

“शुक्रवारी दोन वाजता मी घरी आलो होतो,” तो म्हणाला. “चष्मा विसरलो होतो. आत आलो, घेतला, गेलो. आईला हाकही मारली नाही, घाईत होतो.”

बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

“घंटा वाजवलीत?”

“माझ्याच घराची घंटा मी कशाला वाजवू?” त्याचा आवाज चढला, मग खाली आला. “त्या चिठ्ठीत काय होतं ते मला माहीतसुद्धा नाही. ती सापडली असती तर अक्षरावरून तरी कळलं असतं, की मी नाही.”

“छापील चिठ्ठीवरून काय कळणार,” भाऊ पुटपुटला.

बारीकरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “मंगळवारी दुपारी घरात कोण होतं?” त्यांनी सूनबाईंना विचारलं.

“कुणीच नाही. आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. आदल्या दिवशीच दारावर पाटी लावली होती, मंगळवारी दुपारी बंद म्हणून.”

“बसा सगळे,” बारीकराव म्हणाले. एरवी या वाक्याच्या वेळी त्यांची कळी खुललेली असे. आज ते उभ्याउभ्याच कागदाशी चाळा करत होते.

“बाई, प्रश्न तुम्ही सांगणार नाही. मी सांगतो. ठिपके दोन. चौथं घर आणि अकरावं. मला आधी वाटलं, राहत्या घरातून काही लाभ होणार का, असं कुणीतरी विचारलंय. पण मग दोन दिवस बोलणं टाकावं असं त्यात काय आहे? म्हणून तुम्ही शिकवलं तसं मोजलं. चौथ्याला एक धरलं. पाचवं दोन, सहावं तीन, असं करत गेलं की अकरावं येतं आठवं. चौथं आईचं. त्यापासून आठवं, म्हणजे आईचा मृत्यू. चिठ्ठीत विचारलं होतं, आई कधी जाणार.”

मुलगा हळूच पलंगावर टेकला.

“आई, तुला वाटलं, हे मी विचारलं?”

बाईंनी नजर पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे वळवली.

“वाटणारच,” बारीकराव म्हणाले. “रवी नवव्यात. म्हणजे माध्यान्ह उलटून गेलेली, दोनचा सुमार. त्याच वेळी मुलगा न सांगता घरी येऊन गेला. शुक्रवारी तुम्ही त्याचा काही अर्थ लावला नाहीत. पान नाहीसं झालं तेव्हा लावलात. पण बाई, पान घरातल्या माणसाने नेलेलं नाही. घरातला माणूस खुर्चीत बसून सरळ कापेल, किंवा नुसती चिठ्ठी उपसून घेईल. हा काप खिडकीपाशी सरळ आहे, लांब गेल्यावर तिरका झालाय आणि शेवटी फाटलाय, कारण हात पुरला नाही. रजिस्टर गजांतून बाहेर निघत नव्हतं. मंगळवारी दुपारी, पाटी वाचून, कुणीतरी व्हरांड्यातून हात घातला.”

“कोण?”

“बाहेरचा माणूस. नाव सांगायची गरज नाही.”

बाई उठल्या आणि त्यांनी पिशवीचे बंद हातात घेतले. “मला बरं वाटावं म्हणून तुम्ही गोष्ट रचताय. सुनेने आणलंय तुम्हाला, कळतं मला. नाव नाही, तर माणूसही नाही. गाडी पाचला येईल, मी बाहेर बसते.”

दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर बारीकरावांनी ते कधीच फेकलं असतं. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती.

“थांबा, बाई,” भाऊ म्हणाला. तो भिंतीशी उभा होता. “चिठ्ठी माझी होती. पानही मीच कापलं.”

त्याने खिशातून एक पाकीट काढलं. ते फोडलेलं नव्हतं.

“नऊ वर्षं झाली. आईला कूस मीच बदलतो, घास मीच भरवतो. गुरुवारी रात्रभर ती विव्हळली. शुक्रवारी औषध आणतो असं सांगून ऑफिसातून निघालो आणि इकडे आलो. अक्षर कळू नये म्हणून ऑफिसातच छापून घेतलं होतं. पण सोमवारी घास भरवताना तिने माझ्या गालावर हात ठेवला. वर्षभरात तो हात हलला नव्हता. तिला बोलता येत नाही, पण बघत होती. मग तो कागद कुठेतरी आहे हेच सहन होईना. त्यावरून या घरात असं काही होईल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. लाज वाटते मला. मगाशी यांच्यावर आळ येताना ऐकत उभा राहिलो, त्याची तर जास्तच.”

“तुम्हाला कधी कळलं?” त्याने बारीकरावांना विचारलं. मान वर केली नाही.

“पेन्सिल तासलीस तेव्हा ब्लेड पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. चिठ्ठी बाईंशिवाय कुणी वाचलेली नव्हती, आणि तू म्हणालास छापील. शिवाय अकरा वर्षांत पहिल्यांदाच तुझी वही कोरी आहे. प्रश्न काय होता हे आज सगळ्यांना हवं होतं, एक तू सोडून.”

बारीकरावांना आपलं हे बोलणं फार नीटनेटकं वाटलं आणि ते ओशाळले. रोज पावणेचारला उठणाऱ्या माणसाला, आई कशी आहे, असं त्यांनी शेवटचं कधी विचारलं होतं ते त्यांना आठवेना.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. कपाटाचं कुलूप काढून त्यांनी तळातून एक पिवळी पडलेली वही काढली आणि पहिलं पान भाऊसमोर धरलं. कुंडली कच्च्या हाताने काढलेली होती. चौथ्या घरात एक लाल ठिपका होता, अकराव्यात दुसरा.

“ही मी मांडलेली पहिली कुंडली,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईसाठी. सात वर्षं केलं तिचं, आणि एका दुपारी हे विचारलं. ती पुढे दोन महिन्यांनी गेली. कुणाला सांगितलं नाही आजवर.” मग त्या मुलाकडे वळल्या, पण त्याच्या तोंडाकडे त्यांना बघवेना. “मी विचारलं होतं, म्हणून मला वाटलं तूही विचारशील. स्वतःवरून पारखलं रे तुला.”

मुलाने पिशवी उचलून आत नेली, आणि आत तो बराच वेळ राहिला.

“पाकीट का नाही फोडलंस?” बाईंनी भाऊला विचारलं.

“तारीख असेल अशी भीती वाटली.”

“आठव्याची तारीख मी देत नाही. फोड.”

आत एकच ओळ होती. विचारणाऱ्याने रोज दुपारी तासभर झोपावं, दुसरा उपाय नाही.

भाऊने ती दोनदा वाचली. मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. पावणेचार झाले होते. “चारला नर्स जाईल,” तो म्हणाला.

“चारला तिच्याजवळ कोण येतं?” बाईंनी चपला शोधत विचारलं.

“मीच.”

“आज मी बसते. तू झोप. सूनबाई, ती गाडी नको म्हणून कळव, आणि मला जेवायला थांबू नका.”

तिघं रस्त्यावर आली. भाऊ पुढे, बाई त्याच्या बरोबरीने. बारीकरावांनाही यायचं होतं, पण ते एक पाऊल मागेच चालत राहिले. कोपरा आला की डावीकडे वळायचं की उजवीकडे हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण भाऊ कुठे राहतो हे त्यांनी अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.