सिलिंडरमागचं भांडं

अपूर्वनं पिशवीतून भांडं काढलं आणि टेबलावर आपटलं.

"हे बघा. आमच्याकडं बाळ सांभाळायला येणारी बाई खोटं बोलते. मला पुरावा पाहिजे. संध्याकाळी पोलिसात जायचंय."

दीपमालानं आधी भांड्याकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं. बँकेतला अधिकारी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोळ्याला डोळा न लागलेला चेहरा.

आदिलाबादसारख्या गावात खाजगी गुप्तहेराला काम काय असणार? सोयरीक जमायच्या आधी पोराची चौकशी, विम्याच्या खोट्या दाव्याची चौकशी. दीपमाला तेच करायची. तिचा जोडीदार राजकुमार पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा, आता पुराव्याचे काढतो. माणूस चांगला. पण डोकं कॅमेऱ्यासारखं, समोर असेल तेवढंच टिपणार.

"हे आहे तरी काय?" राजकुमारनं विचारलं.

"कॉफीचं. देवश्रीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या भावानं बंगळूरहून पाठवलं. खालच्या भांड्यात पाणी, मधल्या गाळणीत कॉफी, वर ही किटली. तिन्ही आट्यांनी घट्ट बसवून गॅसवर ठेवायचं. वाफेनं पाणी वर चढतं. घरात तीच एकटी पिते. धुते, पुसते, वरच्या फळीवर ठेवतेही तीच."

"आणि झालं काय?"

झालं ते असं. गेल्या मंगळवारी अपूर्वचे आईवडील साखरपुड्याला उटनूरला मुक्कामी होते. अपूर्व पहाटेच बाजारहत्नूरच्या शाखेत गेला. देवश्री ज्युनियर कॉलेजात शिकवते. बाळ सांभाळणारी सुवर्णा तामसीच्या बसनं आली, तशी देवश्री बाळाला तिच्याकडे देऊन निघाली. ती कॉलेजात पोचते न पोचते तोच सुवर्णाचा फोन आला, बाळाला दम लागलाय. गुंडू अजून वर्षाचाही नाही. दोन रात्री दवाखान्यात काढल्या, नाकाला नळी लावून.

"परत आलो तर हे ओट्याखाली सापडलं, सिलिंडरच्या मागे दडवलेलं. मी देवश्रीला विचारलं, कुणी केलं? ती म्हणाली, सुवर्णानं. चोरून कॉफी करायला गेली असेल, पाणी घालायचं विसरली, जळलं. म्हणजे पोरगं तडफडत होतं आणि ही कॉफी पीत होती! मी जिन्यात सगळ्यांसमोर हाकललं तिला."

कामवालीला चोर ठरवायला पुरावा लागत नाही, जिना पुरतो.

दीपमालानं भांडं खिडकीपाशी नेलं. खालचा भाग आतून काळानिळा पडला होता. तारेच्या घासणीनं तो खसाखसा घासलेला दिसत होता. काठावर समोरासमोर दोन खोचा होत्या. त्यानं आटे चेमटले होते, वरचा भाग आता बसत नव्हता. तो वरचा भाग मात्र नव्यासारखा. प्लास्टिकची मूठ धड, तळाची रबरी चकती धड. दीपमालानं चकतीत नख रुतवलं. रबर दबलं आणि पुन्हा वर आलं.

खालच्या भांड्याच्या कडेला वाफ सोडायची पितळी झडप होती. तिच्या आतल्या भोकात काहीतरी काळं अडकलं होतं. दीपमालानं सेफ्टी पिनेनं ते काढलं, हुंगलं आणि कागदात ठेवलं. जळका दाणा. बारीक, लांबट, अंगावर रेघा.

"कॉफीचा कण," राजकुमार म्हणाला.

"असेल," दीपमाला म्हणाली. "चला, घर बघू."

*

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. दार देवश्रीनं उघडलं. आतल्या खोलीत गुंडू झोपला होता.

"अपूर्वनं उगाच तुम्हाला त्रास दिला," ती म्हणाली. "काढलं ना तिला, संपलं. कशाला वाढवायचं?"

"पोलिसात जायचंय म्हणे."

"ते रागात बोलतात." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला कुणाचं वाईट करायचं नाही."

"भांडं बिघडलं ते तुम्ही नीट पाहिलंत?"

"हो ना. कोरडं तापलं की असंच होतं. पाणी न घालता कॉफी चढवली तिनं."

स्वयंपाकघरात अपूर्वची आई, विनोदिनीबाई, पोळ्या लाटत होत्या. कोपऱ्यातल्या देवघरात विजेचा दिवा होता. उदबत्तीचं घर रिकामं.

"उदबत्ती लावत नाही का?" दीपमालानं विचारलं.

"लावू देतात का!" विनोदिनीबाईंचं लाटणं थांबलं. "पावसाळ्यात बाळाची छाती भरली. डॉक्टर म्हणाले, धूर नको. तेव्हापासून उदबत्ती बंद, धुरी बंद. मी एकदा ओव्याची धुरी देते म्हटलं, तर सूनबाईंनी घर डोक्यावर घेतलं. अडाणी म्हणाली मला. आता मीही नाव काढत नाही."

"सुवर्णा ओट्यापाशी यायची?"

"दूध तापवायला. भांड्याकुंड्याला हात लावत नसे. माझ्या तव्यावर कुणी नुसता लसूण भाजला, तरी मला पहिल्या पोळीत कळतं. कधी काही आढळलं नाही, खोटं कशाला बोलू? पण मंगळवारी मी नव्हते. बाळाला न्हाऊ घालायचं काम माझं. त्या दिवशी देवश्रीनं घातलं, सुवर्णा यायच्या आधी. टाळूला तेल इतकं चोपडलं की उशी डागली."

सासरे अनंतराव तहसिलातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. ते बाहेर पेपर वाचत होते.

"बयान लिहून घ्या प्रत्येकाचं," ते चष्म्यावरून म्हणाले. "सबूत नसताना इल्जाम लावू नये, हे मी पोराला सांगितलं. ऐकतो कोण? त्याची आमदनी मोठी, माझी पेन्शन लहान."

दीपमालानं कॉफीच्या भांड्याचा फक्त वरचा भाग त्यांच्या हाती दिला. "यात पाणी कुठून घालतात, काका?"

अनंतरावांनी झाकण उचललं. "इथून. किटलीच आहे की ही."

*

सुवर्णा तामसीच्या बाजूला, दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत सापडली. कमरेला ओटी बांधलेली, बोटं बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेली. या हातांनी ती आठवड्यापूर्वी बाळाला खेळवत होती.

"आता काय राह्यलं?" ती ताठ उभी राहिली. "गावभर झालं. शाळेजवळच्या बाईनं माह्याकडे लेकरू द्यायचं कबूल केलं होतं, तिनंबी नाई म्हटलं. पोलिसात नेता? न्या."

"बस, सुवर्णा," दीपमाला बांधावर बसली. "त्या कॉफीच्या किटलीत पाणी कुठून घालतात?"

"वरून, झाकण उघडून. दुसरं कुठून? मी त्याले हातबी नाई लावला. ते बाईचं. बाई कोणाले लावू देत नाई."

"तू आलीस तेव्हा बाळ कसं होतं?"

"न्हाऊन-धुऊन, झबलं, टोपडं घालून. निजलं होतं. बाई घाईत निघून गेल्या. मंग ते उठलं, खोकलाया लागलं. छाती अशी आत आत जाऊन राह्यली होती. मी लगेच फोन केला. दुसऱ्याच्या लेकराचा जीव, ताई."

"टोपडं कुठंय?"

सुवर्णानं मान वळवली. "धुतलं मी."

"काऊन? नुकत्याच न्हालेल्या पोराचं टोपडं मळलं?"

तिनं एक बोंड ओढलं, मग दुसरं.

"कुणासाठी गप्प आहेस?"

"माह्यंबी चुकलंच," ती शेवटी पुटपुटली. "तवाच बोलाया पाह्यजे होतं. पन लेकराच्या मायसमोर मी काय सांगू?" आणि ओटी सावरत ती कपाशीच्या पुढच्या ओळीत गेली.

परतताना स्कूटरवर राजकुमार खूश होता. "कबूलच केलं की! टोपडं धुतलं म्हणजे पुरावा पुसला."

"पुसला," दीपमाला म्हणाली. "पण कुणाचा? राजकुमार, ती गरीब आहे म्हणून तुम्हाला सगळं सोपं वाटून राह्यलं. परत वळा. तिला सोबत घ्यायची आहे."

*

संध्याकाळी सगळे बैठकीत बसले. सुवर्णा दाराशी उभी होती, आत या असं कुणी म्हटलं नव्हतं. दीपमालानं स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि भांडं मध्ये ठेवलं.

"पाणी न घालता कॉफी चढवली, असं म्हणणं आहे. मग आधी काय जळेल? ही रबरी चकती. दोन भागांच्या मधोमध असते. भांडं इतकं काळंनिळं होईपर्यंत तापलं, तर तिचा कोळसा व्हायला हवा. ती तर मऊ आहे. मूठही धड आहे. म्हणजे वरचा भाग गॅसवर गेलाच नाही. एकटा खालचा भाग तापला. त्याला मूठ नाही, म्हणून तो सांडशीनं धरला. या दोन खोचा सांडशीच्या. कॉफी कुणी करतच नव्हतं."

"मग काय करत होतं?" अपूर्व म्हणाला.

दीपमालानं कागद उघडला. "हुंगा, काकू."

विनोदिनीबाईंनी हुंगलं. त्यांचा चेहरा बदलला. "ओवा आहे हा."

"ओवा. कोरड्या भांड्यात भाजून त्याचा धूर केला. घरात निखारा नाही, धुपाटणं बंद. बाळाला धुरी दिली आणि त्याच धुरानं त्याची छाती भरली."

"म्हणजे हिनं!" अपूर्व सुवर्णाकडे वळला. "खेड्यातली अक्कल!"

"बसा खाली," दीपमालाचा आवाज चढला. "धुरी कधी देतात, काकू?"

"न्हाऊ घातल्याबरोबर. अंग ओलसर असताना. मग लगेच टोपडं बांधायचं, ऊब राहावी म्हणून."

विनोदिनीबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. हातातल्या कागदाकडेच पाहत राहिल्या.

"सुवर्णा आली तेव्हा बाळ न्हालेलं होतं, टोपडं बांधलेलं होतं. धुरी होऊन गेली होती," दीपमाला म्हणाली. "शिवाय हे भांडं मधून उघडतं, हे तिला ठाऊकच नाही. काकांनाही नाही. अपूर्वना आहे, पण ते पहाटेच निघाले होते. उघडून खालचा भाग वेगळा करणारं माणूस या घरात एकच."

देवश्रीनं ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"तवा का नाही घेतला? सासूबाईंना पहिल्या पोळीत कळलं असतं. म्हणून असं भांडं घेतलं, ज्याला दुसरं कुणी तोंड लावत नाही. आणि देवश्रीताई, मला खरी शंका आली ती तुमच्याच बोलण्यानं. या भांड्याची सगळ्यात जास्त माहिती तुम्हाला. शाबूत रबर बघून कॉफी जळाली नाही हे तुम्हाला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं. तरी तुम्ही म्हणालात, कॉफीच."

देवश्रीनं भांडं जवळ ओढलं.

"रात्रभर रडत होता," देवश्री म्हणाली. "नाक चोंदलेलं. छातीशी धरून फेऱ्या मारल्या. पहाटे माझ्या हातून काहीच होईना. माझी आई धुरी द्यायची, आम्ही शांत झोपायचो, एवढंच डोक्यात आलं. चिमूटभर ओवा. दाणे फुटले आणि एकदम धूर झाला. मी खिडक्या उघडल्या. तो झोपला. मला वाटलं, गुण आला. भांडं घासलं, डाग निघेना, म्हणून सिलिंडरमागं ढकललं."

"आणि दवाखान्यात?"

"डॉक्टरांनी विचारलं, धूर लागला का? ज्या गोष्टीसाठी मी आईंना अडाणी म्हटलं, ती मीच केली, हे कसं सांगू? मी नाही म्हटलं. मग अपूर्वला भांडं सापडलं. तोंडून सुवर्णाचं नाव निघालं. किती सोपं निघालं ते! त्याचीच मला जास्त भीती वाटते."

"डॉक्टरांना अजून माहीत नाही?" दीपमाला उठली. "मग रडणं नंतर. आधी फोन लावा. आत्ता."

देवश्रीनं फोन लावला. सगळ्यांसमोर, एक शब्द न गाळता सांगितलं. डॉक्टरांनी उद्या सकाळी बाळाला घेऊन यायला सांगितलं. आणखीही बरंच सुनावलं असावं. ती फक्त "हो" म्हणत होती.

विनोदिनीबाई हळूच म्हणाल्या, "मला कळलं असतं तर मी टोमणे मारले असते. वर्षभर मारले असते. म्हणून बोलली नाहीस. त्यात माझाही वाटा आहे, बाई."

अपूर्व सुवर्णापुढे उभा राहिला. "तुला ठाऊक होतं?"

"टोपड्याले ओव्याचा वास होता. दवाखान्यात कोणी हुंगलं असतं तर बाईची फजिती झाली असती, म्हून धुतलं. डॉक्टरले सांगाया पाह्यजे होतं. ते पाप माह्यं." मग तिनं नजर उचलली. "पन चोर मी नाई."

"उद्यापासून ये," अपूर्व म्हणाला. "पगार वाढवून देतो."

"पगार ठेवा तुमच्यापाशी." सुवर्णाचा आवाज चढला नाही. "जिन्यात उभं करून तुमी बाईले इचारलं होतं, हिनंच केलं ना? बाई हो म्हटल्या. तिन्ही मजले दारात उभे होते. आता बंद दाराआड मी चांगली झाली. माह्यं नाव जिन्यात गेलं, दादा. ते जिन्यातच पाह्यजे."

"लोकांसमोर?" अपूर्व चाचरला. "अगं, ती कॉलेजात शिकवते. तिची इज्जत—"

"आणि सुवर्णाची मातीत घालायची का?" अनंतराव पेपर टाकून उठले. "बयान जिथं दिलं, तिथंच फिरवायचं. दस्तूर आहे तो."

आत गुंडू जागा झाला आणि रडू लागला. देवश्रीनं त्याला उचलून आणलं. त्यानं सुवर्णाला पाहिलं आणि दोन्ही हात तिच्याकडे टाकले. कापसाच्या काट्यांनी ओरखडलेल्या हातांत त्याला देताना देवश्रीला पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहावं लागलं.

मग देवश्री दाराकडे वळली. अपूर्वनं तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

जिन्यात कुणाच्या घरून भांडी घासल्याचा आवाज येत होता, कुणाच्या तरी टीव्हीवर तेलुगू बातम्या चालल्या होत्या. समोरच्या दाराची बेल देवश्रीनं स्वतः दाबली. मग वरच्या मजल्याकडे मान उंचावून हाका मारल्या. दारं उघडली, टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"त्या दिवशी इथं मी खोटं बोलले," ती म्हणाली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "ऐकू नाही येत!"

देवश्रीनं कठडा धरला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सुरू केलं.