राखीव फळीतले पाय

सकाळचा सराव संपला की मैदानामागच्या दोरीवर मोजे वाळत पडायचे. मांडीपासून घोट्यापर्यंत पोचणारे, करडे, आत केसाहून बारीक तारा विणलेले. संघाचे कपडे धुणाऱ्या शालनमावशी ते कधी पिळत नसत, नुसते दाबून पाणी काढत. पिळले की तारा तुटतात, हे त्यांना दोन जोड वाया गेल्यावर कळलं होतं. त्या दिवशी ऋजुता इंगवले आपला जोड काढायला गेली, तर दोरीवरची तिची जागा रिकामी होती.

"हापिसात नेलाय त्यो," शालनमावशी म्हणाल्या. "तुलाबी बोलवलंय."

ऑफिसात व्यवस्थापक शिरीष खर्डेकर उभेच होते. ऋजुता नऊ हंगाम कोल्हापूरच्या 'करवीर रणरागिणी' या फुटबॉल संघाची स्टॉपर होती. गोलरक्षकाच्या पुढ्यात उभं राहून येणारा प्रत्येक हल्ला तिनेच अडवायचा. खर्डेकरांनी मात्र तिला दोन मिनिटांत मोकळं केलं. नाशिकच्या 'गोदातीर' संघाची एक फॉरवर्ड कोल्हापूरला येणार होती आणि तिच्या बदल्यात ऋजुता नाशिकला जाणार होती.

"आणि माझ्या जागी कोण?"

"चौघी आहेत. स्टॉपरच्या जागेला एवढी राखीव फळी अख्ख्या लीगमध्ये कुणाकडे नाही."

ऋजुताला हसूच आलं. त्या चौघींनी मिळूनही एक पूर्ण सामना खेळला नव्हता. त्यांतली सायमा अत्तार तर दोन वर्षं नुसती बाकावर बसून होती. वीस वर्षांची, अंगाने काडी. पोरगी जिद्दी होती, पण धावत्या फॉरवर्डचा धक्का लागला की चार पावलं मागे जायची.

"माझे मोजे?"

"ते क्लबचे. नाशिकवाले नवे देतील."

नऊ वर्षांचा निरोप एवढ्यावर आटोपला.

हे मोजे तीन वर्षांपूर्वी आले तेव्हा संघाच्या डॉक्टरांनी मुलींना नीट समजावलं होतं. कुठला स्नायू कधी आवळला, किती जोराने, कुणाच्या आधी, याची नोंद तारा करतात. त्या नोंदीला 'स्नायुलेख' म्हणतात. पाय थकत चालला की लेखात ते आधीच दिसतं आणि दुखापत टळते. सगळ्यांनी बसच्या बॉनेटवर संमतीचे कागद ठेवून सह्या ठोकल्या होत्या. सामन्याला उशीर होत होता, वाचतंय कोण?

दोन महिन्यांनी ऋजुता नाशिकची जर्सी घालून कोल्हापूरच्या मैदानात उतरली. गॅलरीतून कुणी तिच्या नावाने ओरडलं, कुणी शिट्ट्या मारल्या. तिने मान खाली घातली आणि खेळाला लागली. बाराव्या मिनिटाला नाशिकची विंगर चेंडू घेऊन आत घुसली आणि समोर सायमा आली. सायमाने एक बारीकशी उडी घेतली, डावा गुडघा दुमडला, उजवा पाय गवतावरून सपकन फिरवला आणि चेंडू अलगद काढून घेतला. गॅलरी उसळली.

ऋजुता जागच्या जागी उभी राहिली. तो टॅकल तिचा होता. आणि ती उडी! सहाव्या हंगामात तिचा डावा घोटा मुरगळला होता. त्यानंतर घोट्यावर एकदम भार येऊ नये म्हणून घसरण्याआधी उडी घ्यायची तिला सवय जडली होती. सायमाचा घोटा कधी मुरगळलेलाच नव्हता. मग न झालेल्या दुखण्याची उडी ती का घेत होती?

मध्यंतराला ऋजुताने तिला पाण्याच्या नळाशी गाठलं.

"सायमा, ती उडी कुठनं आली गं?"

सायमाने खाली पाहिलं. "मोज्यातनं, ताई. तुमचा लेख आता उलटा चालवतात. तार स्नायूला बारीक झटका देती. मी ठरवायच्या आधीच पाय निघतो. लीगवाले त्याला 'सूचना' म्हणतात, परवानगी हाय." जरा थांबून ती म्हणाली, "आमी चौघीबी तुमचाच घालतो."

"अगं, माझं वजन एकोणसत्तर किलो. त्या टॅकलसाठी चार वर्षं मी पायऱ्यांवर मांड्या घडवल्यात. तुझ्या गुडघ्याला तो झेपणार हाय का?"

"न घालता बाकावर किती वर्षं बसायचं, ताई?"

शिट्टी झाली.

एकसष्टाव्या मिनिटाला चेंडू सायमा आणि नाशिकच्या विंगरच्या मधे मोकळा घरंगळत आला. विंगरने अंतर ओळखून पाय आखडता घेतला. सायमानेही ओळखलं असावं, कारण तिचे खांदे मागे झाले, हात पसरले, चेहरा वळला. कमरेच्या वरची सायमा थांबली होती. खाली मात्र उडी पडली, डावा गुडघा दुमडला आणि थांबलेल्या शरीराचा सगळा भार त्या गुडघ्यावर आडवा आला. तो आवाज ऋजुताला वीस पावलांवरून ऐकू आला.

ती धावत पोचली तेव्हा सायमा गवत मुठीत धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"मी थांबत हुते, ताई. पाय थांबला नाही."

स्ट्रेचर बाहेर गेलं. पलीकडे राखीव फळीतली दुसरी मुलगी मोजे ओढून चढवत होती. ऋजुता तडक खर्डेकरांसमोर जाऊन उभी राहिली.

"तिला पाठवू नका. माझा लेख पुसून टाका."

"सामना चालू आहे, इंगवले. मैदानात जा."

"माझ्या पायाची नक्कल चार पोरींच्या अंगात भरलीत आणि मला विचारलंसुद्धा नाही!"

"सही आहे तुझी." खर्डेकरांचा आवाज जराही चढला नाही. "पाय तुझा, लेख आमचा. आणि लेखात काही दोष नाही. तू स्वतः असंच खेळत आलीस, तुला काय झालं?"

"मला थांबता येत होतं!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पंच वळून बघायला लागले. "मी शंभरदा थांबलेय, सर. ते तुमच्या लेखात कुठं आलंय? तुम्ही फक्त मारलेले टॅकल उचललेत!"

खर्डेकरांनी पंचांना बदलीची खूण केली.

ऋजुता खाली वाकली, तिने बूट काढले आणि स्वतःच्या पायातले मोजे सोलून काढले. नाशिकचे, नवेकोरे. तेही दोन महिने तिचा पाय टिपून घेत होते. नाशिकच्या प्रशिक्षक ज्योत्स्ना मॅडम धावत आल्या.

"घाल ते. मोज्याशिवाय उतरायचं नाही, करारात आहे. तुझ्यामागे आमच्याकडे राखीव कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणूनच तुम्हाला हा लेख हवाय ना?"

ती अनवाणी बाकावर जाऊन बसली. नाशिक तीन गोलांनी हरलं. पुढच्या पाच सामन्यांत तिचं नाव यादीत आलं नाही.

तिने लीगकडे तक्रार केली. उत्तर चार ओळींचं आलं. दुखापत अर्जदाराला झालेली नसल्याने तिला तक्रारीचा हक्क नाही, आणि जखमी खेळाडूने मोजे स्वेच्छेने घातले होते. तो कागद घेऊन एका रविवारी सकाळी ऋजुता इस्पितळात गेली.

सायमाच्या डाव्या पायाला कमरेपर्यंत पट्ट्या होत्या. तिने कागद वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"स्वेच्छेनं," ती म्हणाली. "असंच लिवलंय?"

"असंच. आपण दोघी मिळून कोर्टात जाऊ. तू सही करशील?"

सायमाने लगेच होकारार्थी मान हलवली. पण तिचं लक्ष कागदावर नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी टीव्ही लावला होता, कुठलातरी सामना चालू होता. समालोचकाचा आवाज चढला आणि चादरीखाली सायमाचा धड असलेला उजवा पाय सपकन बाजूला फिरला. ऋजुताने तिच्या पायाकडे पाहिलं. मोजा नव्हता, तार नव्हती, काहीच नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, जाईल हळूहळू," सायमा म्हणाली. तिने दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली, तरी पाय हाताखाली थरथरत होता. "कोर्टात विचारतील, ताई. हा पाय आता कुणाचा म्हणून सांगायचं?"